दक्षिणेच्या भिंतीचे टोमॅटो

माणसं चष्मा हरवतात, किल्ली हरवतात. मी सूर्य हरवला होता. तोही भर उन्हाळ्यात, ढळढळीत दिवसा, आणि शोधायला शेजारणीचं कुंपण फोडलं. चहा घ्या आधी, मग सांगते. नाहीतर हसताना सांडायचा.

तेव्हा आमचा सुधीर न्यूझीलंडला डनेडिनच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. नव्वदच्या पुढची सालं. सून वर्षा औषधांच्या दुकानात. तिला दिवस राहिले आणि अन्न टिकेना, म्हणून दसरा उरकून मी विमानात बसले. त्याआधी मी जुन्नर सोडून पुण्यापलीकडे गेले नव्हते.

ती भूमी काय वर्णावी. घर डोंगराच्या उतारावर, दुमजली, सगळं लाकडाचं. एका दिवसात चारही ऋतू. सकाळी गारा, न्याहारीला ऊन, जेवायला धुकं. उन्हाळ्यात रात्रीची जेवणं झाली तरी बाहेर उजेड. पहिल्या दिवशी मी देवापुढे दिवा लावायला अंधाराची वाट बघत बसले आणि बसल्या जागी झोपले.

वर्षाला काही जात नव्हतं. विचारलं, "अगं, काय खावंसं वाटतं?"

"टोमॅटोचं सार, आई. तुमच्या शेतातल्या टोमॅटोचं. लग्नानंतर पहिल्यांदा केलं होतंत बघा."

दुकानातून टोमॅटो आणून सार केलं. तिनं एक घोट घेतला आणि वाटी हळूच सरकवली. मी चाखलं. लाल पाणी हो नुसतं. टोमॅटो कसले, रबरी चेंडू.

पोटुशीचे डोहाळे राहू द्यायचे नसतात. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "तुझ्या डोहाळजेवणाला माझ्या हातच्या टोमॅटोचं सार. तोवर मी टोमॅटो तोंडात घालणार नाही." त्या घरात मला एकटीनं गॅस पेटवता येत नव्हता, फोन उचलता येत नव्हता. पण टोमॅटो? चाळीस वर्षं टोमॅटो काढलेत मी. एवढी एकच विद्या माझ्याजवळ, ती तरी सुनेच्या कामी येऊ दे.

रोपं दिली शेजारच्या मार्गारेटनं. माझ्याच वयाची, एकटी, पायात कायम जँडल, म्हणजे आपली रबरी चप्पल. तिचं घर जरा वर, वळणावर. आणि आमच्या दोघींच्या घरांमागे तिचंच मेंढ्यांचं कुरण. कुरणाच्या कडेनं दाट झाडांचं कुंपण, दोन पुरुष उंच. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. त्यामुळे आमचं भांडण कधीच झालं नाही.

आता रोपं लावायची कुठं? तुम्हीच सांगा, थंडीत आपल्याकडे ऊन कुठल्या बाजूला असतं? दक्षिणेला. आमच्या सासूबाई पौषात दक्षिणेच्या ओट्यावरून हलायच्या नाहीत. वाळवण तिथं, बाळंतीण तिथं, मांजरसुद्धा तिथं. आणि हा तर बारमाही थंडीचा मुलूख.

सुधीर बूट घालत होता. "दक्षिण कुठली रे?"

"ती. मागची बाजू. तिकडं पुढं समुद्र, आणि मग नुसता बर्फ."

झालं. मागच्या दारी, भिंतीला लागून, बारा रोपं लावली. काठ्या रोवल्या, सुतळीनं बांधली. मार्गारेट आली, रोपांकडे बघितलं, मग आमच्या छपराकडे हात करकरून पाच मिनिटं बोलली. मी म्हटलं, "येस, येस." मला वाटलं, म्हणतेय पन्हाळीचं पाणी पडेल. म्हणून मी वरून प्लॅस्टिकचा कागद बांधला. मार्गारेट तो बघून मान हलवत घरी गेली.

आता गंमत ऐका. रोज पहाटे मी मागच्या दारी उभी राहून सूर्याला हात जोडायची. तो कुंपणाच्या डाव्या टोकावरून वर यायचा. थोडा वेळ रोपांवर ऊन पडायचं, मग गायब. मी स्वयंपाक, धुणीभांडी, वर्षाची उठाबस यात. संध्याकाळी बघावं तर कुंपणाच्या उजव्या टोकाला पुन्हा हजर. मग मधला दिवसभर हा असायचा कुठं?

कुंपणामागं. दुसरं कुठं असणार? दुपारी आमच्या चिंचोळ्या परसात सावली, आणि कुंपणाचा शेंडा मात्र सोन्यासारखा चमकायचा. म्हणजे सूर्य पलीकडेच अडकलाय, हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही म्हणाल, घराच्या पुढच्या बाजूला बघायचं की. पुढची खोली पाहुण्यांची. कार्पेटचा रंग उडतो म्हणून वर्षा तिथले पडदे ओढून ठेवायची. आणि पुढच्या अंगणात मी कशाला जाऊ? आमचं सगळं मागच्या दारानं.

रोपं वाढली, पण कशी? उंच, पांढुरकी, उपासाला बसल्यासारखी. फळं धरली ती हिरव्या गोट्या. जानेवारी सरला. सातवा महिना लागला. सुधीरनं डोहाळजेवणाचा रविवार ठरवला, गावातली मराठी मंडळी बोलावली. सगळी मिळून चार घरं, दोन डॉक्टर, एक नर्स, एक मास्तर.

नर्सबाईंनी फोनवर वर्षाला विचारलं, "आम्ही काय आणू?"

वर्षा म्हणाली, "सार सोडून काहीही. सार आई करणारेत. त्यांच्या टोमॅटोचं."

मी मागं जाऊन गोट्यांकडे बघितलं. एकेक दाबून पाहिली.

दुसऱ्या दिवशी वर्षाला गाठलं. "मार्गारेटला सांग, कुंपण तोड म्हणावं. उन्हाला आडवं येतंय."

"आई, असं कसं सांगू? तिच्या सासऱ्यांनी लावलंय ते."

"तुला सार हवंय का नकोय?"

गेली बिचारी. पण लाजेनं ऊन, टोमॅटो काही बोललीच नाही, हे मला मागाहून कळलं. एवढंच म्हणाली, "आईंना पलीकडचं दिसत नाही, थोडं कमी करता येईल का?" मार्गारेटनं म्हणे लांबून परसातल्या माझ्याकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आणून "ऑफ कोर्स" म्हणाली. मला वाटलं, काय ही टोमॅटोची माया.

तिचा पुतण्या यंत्र घेऊन आला. माझ्या रोपांच्या बरोब्बर समोर, बैलगाडी जाईल एवढी खिंड पाडली. मी हात जोडून समोर उभी. शेवटचं झाड पडलं, धूळ बसली, आणि पलीकडे बघते तो काय?

सूर्य नव्हता. मेंढ्या होत्या.

मी दुपारभर तिथं बसले. म्हटलं, येईल. मेंढ्या माझ्याकडे बघत होत्या, मी मेंढ्यांकडे.

आला तो वारा. तिसऱ्या दिवशी, दक्षिणेकडून. त्या बर्फावरून निघालेला वारा मध्ये कुठं थांबत नाही हो, थांबायला जमीनच नाही. इतकी वर्षं त्याला अडवून धरलं होतं ते त्या कुंपणानं. त्यासाठीच लावलं होतं ते. आता मी त्याला दार उघडून दिलं होतं. गारा घेऊन तो सरळ खिंडीतून आत घुसला. प्लॅस्टिकचा कागद उडाला तो गेला मेंढ्यांत. बारापैकी दहा रोपं आडवी. वर्षा खिडकीतून सगळं बघत होती.

आभाळ निवळल्यावर मार्गारेट आली. मी चिखलात बसून हिरव्या गोट्या पदरात गोळा करत होते. तिनं मला उठवलं, हाताला धरलं आणि वर चालवत आपल्या घरी नेलं. मागच्या दारानं नाही, वळसा घालून पुढच्या अंगणात.

तिथं विटांची भिंत, आणि भिंतीला टेकून टोमॅटो. लालबुंद. जुन्या पायमोज्यांच्या पट्ट्यांनी काठ्यांना अलगद बांधलेले, फांद्या वाकलेल्या. मी भिंतीला हात लावला. तव्यासारखी गरम.

भर दुपार होती. सूर्य समोर होता. आमच्या घराच्या पुढच्या बाजूला, जिकडे पडदे ओढलेले ती बाजू. उत्तरेला. मी खाली बघितलं. माझी सावली पायांतून निघून दक्षिणेकडे पडली होती, नेमकी माझ्या बिचाऱ्या टोमॅटोंकडे. साठ वर्षांत माझी सावली पौष-माघात कधी तिकडे पडली नव्हती. तो उत्तरेनं चालत होता. रोजच चालत होता. अख्खं आभाळ उलटं मांडलेलं, आणि मी चार महिने त्याखाली वावरून मला पत्ता नाही.

काय सांगू, अंगावर काटा आला. टोमॅटो विसरले. लहानपणापासून ओळखीचा माणूस एकदम परक्या गावात, परक्या वेशात समोर यावा, तसं झालं. आपण त्याला ओळखतो म्हणायचं आणि त्याची निम्मी वाट आपल्याला ठाऊकच नाही. मी तिथंच खाली वाकले. मार्गारेटनं टोमॅटोंनी भरलेली टोपली माझ्या हातात दिली, आणि मी नको म्हटलं नाही.

रविवारी सार झालं. टोमॅटो माझे नव्हते, फोडणी माझी होती. वर्षानं हिरवी साडी सावरत तीन वाट्या संपवल्या आणि चौथी मागितली. हे ऐकायला मी सात समुद्र ओलांडून आले होते. मार्गारेटही पाटावर बसून भुरके मारत होती. मध्येच ती वर्षाला काही म्हणाली, आणि वर्षाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय गं?"

"आई, ती विचारतेय, आता तुम्हाला देव नीट दिसतो ना?"

"कुठला देव?"

"रोज पहाटे तुम्ही कुंपणाला हात जोडायचात, ते ती बघायची. तिला वाटलं, तुमचा देव पलीकडे असतो आणि कुंपणामुळे दिसत नाही. म्हणून तोडलं तिनं."

सगळी पंगत थांबली. नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला. सुधीर छताकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "तिला सांग, दिसला. पण तुझ्या दारात दिसला."

मार्गारेटनं खिंड तशीच ठेवली. माझ्या देवाची वाट म्हणून तिथं पुन्हा झाड लावलं नाही. नात आता मोठी झाली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. मागच्या खेपेला गेले होते, तर दक्षिणेचा वारा सुटला आणि मागचं दार धाडकन उघडलं. पोरगी जागेवरून ओरडली, "मम, शट द डोअर, आजीज गॉड इज कमिंग इन."