कोठीबाई आणि हॉटेलातले दोन फ्रीज

"हे सगळं बाहेर काढा," कोठीबाई म्हणाल्या.

खोली दाखवायला आलेली बाई दारातच थबकली. "सगळं म्हणजे काय, मॅडम?"

"ह्या बाटल्या, ही चॉकलेटं, ही खाऱ्या बदामांची पाकिटं. फ्रीज मला मोकळा हवा."

"अहो, पण ते पाहुण्यांसाठीच ठेवलेलं असतं."

"मग मी कोण, घरमालक? पाहुणीच आहे, आणि पाहुणीला ते नकोय. शेजारच्या खोलीतलाही रिकामा करा. तिकडे माझी लेक आहे."

बाईनं जावयाकडे पाहिलं. जावयानं हात जोडले. "करा ताई. माझं लग्न झाल्यापासून मीसुद्धा निमूटपणे ऐकतोय."

टीव्हीखालच्या कपाटात दडवलेला तो फ्रीज एवढासा होता की गुडघे टेकल्याशिवाय आतलं काही दिसत नव्हतं. कोठीबाईंनी गुडघे टेकले. तळहात आत घालून मागची भिंत चाचपली. इथे बर्फ धरतो, म्हणजे दही पुढे. दार बंद होताना हादरतं, म्हणजे दारात काही नाही. मग थंड पिशवीतून एकेक डबा निघायला लागला: उकडलेले बटाटे, साधं दही, सालं काढलेली काकडी, कडा कापलेला ब्रेड. सगळं पांढरं, सगळं गार. आज संपायचं ते पुढे, उद्याचं मागे.

हे सगळं टिकलीसाठी. टिकली म्हणजे त्यांची पाच वर्षांची नात. टिकली पांढरं आणि गार सोडून काही खात नव्हती. हट्ट म्हणावा तर हट्ट नव्हता. रंगीत किंवा गरम काही ओठांना लागलं की पोर तोंड मिटायची आणि दिवसभर उघडायची नाही. डॉक्टर म्हणत, धीर धरा, हळूहळू सुटेल. नातेवाईक म्हणत, दोन दिवस उपाशी ठेवा, दगडसुद्धा खाईल. टिकलीची आई दोघांचं ऐकून घ्यायची आणि बटाटे गार करायला ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी लेक, जावई आणि टिकली असेच सुट्टीला गेले होते. टिकलीनं दुसऱ्या दिवशी पाण्यालाही तोंड लावलं नाही, तेव्हा सामान गाडीत टाकून परत आले. त्यानंतर लेकीनं सुट्टीचं नावच टाकलं. ऑफिस, घर, बटाटे. हसणारी मुलगी, पण हसू उसनं आणल्यासारखं.

"मी येते बरोबर," कोठीबाई एक दिवस म्हणाल्या होत्या. "फ्रीज माझ्याकडे. तू नुसतं लोळायचंस."

"आणि नाही जमलं तर, आई?"

"माझ्या कोठीत कधी काही नासलंय का?"

"नाही जमलं तर मी पुन्हा कुठेही जाणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. मग मला आग्रह करायचा नाही."

"नाही करणार," कोठीबाई म्हणाल्या.

कोठी म्हणजे मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाची. धान्य, भाज्या, दूध, अंडी, सगळं त्यांच्या हाताखालून स्वयंपाकघरात जायचं. कमरेला किल्ल्या आणि नाकावर माशी बसू न देणारा चेहरा. मुली आधी पाठीमागे कोठीबाई म्हणायच्या, पुढे तोंडावरही म्हणायला लागल्या. निवृत्त होताना किल्ल्या परत केल्या, नाव मात्र घरी आलं. गंमत म्हणजे बाई आयुष्यभर अन्नाच्या राशीत वावरल्या, पण शिजवण्याशी त्यांचं कधी जमलं नाही. घरात शेगडीपाशी उभे असायचे त्यांचे यजमान.

हे यजमान वीज खात्यात मीटर वाचायचे. गल्लीत त्यांना मीटरसाहेब म्हणत. लोकांच्या घरी जिन्याखालच्या अंधारात आकडे वाचून वाचून त्यांना एक खोड जडली होती: रिकाम्या खोलीत दिवा दिसला की डोक्यात तिडीक. शेजाऱ्यांच्या व्हरांड्यातले दिवेसुद्धा ते जाता जाता बंद करायचे. एकदा तर दवाखान्यात डॉक्टर आत असताना त्यांनी बाहेरचा पंखा बंद केला होता, बाकावर माणसं बसलेली असताना.

"अहो, घाम आलाय त्यांना!" कोठीबाई म्हणाल्या होत्या.

"मग खिडकी उघडावी."

तर हॉटेलच्या खोलीत दाराशेजारी एक खाच होती. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड. ते खाचेत असेल तरच खोलीत वीज. कार्ड घेऊन बाहेर पडलं की दिवे, पंखा, फ्रीज, सगळं ठप्प. कोठीबाईंना हे कळताच त्या तडक खाली गेल्या आणि दोन्ही खोल्यांसाठी एकेक जादा कार्ड मागून आल्या. ते खाचेतच राहणार. लेकीला सांगितलं, जावयाला सांगितलं, झाडायला येणाऱ्या बाईला सांगितलं, टिकलीलाही सांगितलं. मीटरसाहेब तेव्हा न्हाणीघरातला नळ गळतो का ते बघत होते. त्यांना सांगायचं राहून गेलं.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. टिकलीनं गार बटाटे खाल्ले, वर दही मागून घेतलं. लेक गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि चक्क तिचा डोळा लागला. कोठीबाई जावयाच्या कानात म्हणाल्या, "उठवू नका. घोरतेय बघा, लहानपणी घोरायची तशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे समुद्रावर निघाले. मीटरसाहेब नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी. "तुम्ही व्हा पुढे, मी दोन्ही खोल्या बंद करून येतो."

दुपारी परत आले तेव्हा खोली गरम होती. मीटरसाहेबांनी खिशातून कार्ड काढलं, खाचेत सरकवलं, दिवे लागले. ते खुशीत हसले. "कोणीतरी वेंधळेपणानं कार्ड आतच विसरलं होतं. सकाळपासून फुकट वीज गेली असती. मी शेजारच्या खोलीतलंही काढून घेतलं."

कोठीबाई खाली बसल्या, फ्रीजचं दार उघडलं. आतून कोमट वास आला. दह्याला पाणी सुटलं होतं. बटाटा बोटांना बुळबुळीत लागला. त्यांनी दार लावलं, शेजारच्या खोलीत जाऊन आल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"काय झालं?" मीटरसाहेबांचं हसू अजून तोंडावर होतं, नुसतं राहिलेलं.

"फ्रीज चालू राहावा म्हणून ठेवलं होतं मी ते कार्ड."

"मला सांगायचं नाही?"

"नाही सांगितलं. तुम्हालाच नाही सांगितलं, अहो." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून मीटरसाहेब जास्त घाबरले.

टिकली म्हणाली, "आजी, भूक."

जावई धावत बाजारात जाऊन आला. दही मिळालं, पण त्यात फळांचे लाल तुकडे होते. ब्रेड मिळाला, तोही तपकिरी. टिकलीनं तुकड्यांकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले. ते ओठ बघून लेक उठली. तिनं बॅग पलंगावर घेतली आणि ओले कपडे तसेच कोंबायला लागली.

"अगं, थांब जरा," कोठीबाई म्हणाल्या.

"कशाला? संध्याकाळपर्यंत घरी पोचू. घरी बटाटे आहेत." ती आईकडे न बघता बोलत होती. "तू म्हणालीस, जमेल. मलाही एक दिवस वाटलं, जमेल."

मीटरसाहेब भिंतीला टेकून उभे होते. "माझं चुकलं गं, पोरी."

"बाबा, तुमचं काही नाही चुकलं. माझंच नशीब पांढरं आणि गार आहे."

हा विनोद होता की रडणं, कोणालाच कळेना.

कोठीबाईंनी यजमानांचा हात धरला. "चला खाली."

"कुठे?"

"स्वयंपाकघर कुठल्याही हॉटेलात खालीच असतं."

भटारखान्याच्या दारात पांढऱ्या टोपीतल्या माणसानं त्यांना अडवलं. पाहुण्यांना आत मनाई आहे. उकडलेला बटाटा? यादीत नाही, तळलेला आहे, लोण्यातला आहे. मीटरसाहेब अजिजीनं बोलायला लागले, नात, भूक, कार्ड, फ्रीज, सगळं एका दमात, आणि टोपीवाल्याच्या चेहऱ्यावर कंटाळा साचत गेला.

कोठीबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. बोळाच्या टोकाला जाळीचं दार होतं, आत पोती रचलेली, आणि दारात स्टुलावर बसलेली एक जाडजूड बाई कांदे निवडत होती. कमरेला किल्ल्या.

"कोठी तुमच्याकडे?" कोठीबाईंनी विचारलं.

"हो. का?"

"माझ्याकडेही होती. मुलींच्या वसतिगृहात. कांद्याला पाणी सुटलंय का हो?"

"सुटेल नाही तर काय! तळातलं अर्धं पोतं गेलं. आता बोलणी मला बसणार."

"आणणारा मोकळा, सांभाळणारा चोर."

"अगदी!" ती बाई हसली. हातातला कांदा ठेवून तिनं पदराला हात पुसले. "बोला, काय पाहिजे?"

"तुमच्याकडून काही नको. चिठ्ठीशिवाय तुम्ही एक बटाटा देणार नाही, मला ठाऊक आहे. मीही दिला नसता. एवढंच सांगा, कामगारांचं जेवण काय आहे आज?"

बाईनं डोळे बारीक करून पाहिलं. मग ती टोपीवाल्याकडे वळून ओरडली, "काय रे, आपल्या पातेल्यातले बटाटे उकडले का?"

"उकडले."

"त्यातले माझ्या वाटणीचे आज ह्या ताईंना दे."

"आणि तू काय खाशील?"

"मी काय वाळलेय का? बघ तरी माझ्याकडे."

मीटरसाहेबांनी बटाटे सोलले. टोपीवाल्यानं त्यांना जागा करून दिली. साल निघताना बोटं भाजत होती, पण ते फुंकर घालायलाही थांबले नाहीत. सोललेले बटाटे कोठीच्या बाईनं भांड्यात घातले आणि मागच्या थंड खोलीत नेऊन ठेवले. माणूस उभा राहील एवढी मोठी खोली, दारातून पांढरी वाफ बाहेर येणारी.

वर नेईपर्यंत पुन्हा कोमट होतील, म्हणून कोठीबाई टिकलीलाच खाली घेऊन आल्या. बोळात दोन पालथे क्रेट. टिकली एकावर बसली. तिनं वाफेकडे पाहिलं.

"आजी, हा पण तुझा फ्रीज?"

"नाही गं. हा ह्या आजींचा. माझ्यापेक्षा मोठा आहे बघ."

टिकलीनं बटाटा हातात घेतला. वळवून वळवून पाहिला. गालाला लावला. कोठीची बाई, टोपीवाला, मीटरसाहेब, सगळे दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत होते. टिकलीनं एक चावा घेतला. मग दुसरा.

तेवढ्यात त्यांना शोधत लेक बोळात आली. चेहरा तयारीचा, हातात गाडीची किल्ली. "आई, बॅगा गेल्या खाली. कुठे आहात तुम्ही स..."

ती थांबली. टिकली तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "आई, इथे खूप गार आहे."

लेक हळूच दुसऱ्या क्रेटवर बसली. भांड्यातला एक बटाटा उचलून तिनं मोडला, तोंडात टाकला. सकाळपासून तिनंही काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"अळणी आहे," ती म्हणाली.

"टिकलीला मीठ चालत नाही," मीटरसाहेब हळू आवाजात म्हणाले.

"मला चालतं, बाबा."

टोपीवाल्यानं लांबूनच चिमूटभर मीठ तिच्या तळहातावर टाकलं. लेकीनं बटाटा मिठात बुडवला, खाल्ला, आणखी एक घेतला. कोठीबाई तिच्याकडे बघत होत्या, पण आग्रहाचा शब्द काढला नाही. तसं कबूल केलं होतं.

"उद्याही देतील का गं इथे?" लेकीनं विचारलं.

"उद्या कामगारांना भात आहे," कोठीची बाई म्हणाली. "पांढराच असतो."

लेकीनं नवऱ्याला फोन लावला. "ऐक, बॅगा वर आण."

पलीकडचा आवाज बोळभर ऐकू आला. "अगं, आत्ताच दोन जिने उतरवून गाडीत ठेवल्या!"

"मग आता दोन जिने चढव," ती म्हणाली आणि टिकलीच्या हनुवटीवरचा बटाटा पुसायला वाकली.