अडतिसावी ओळ

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी कधी पूर्ण मार्क दिले नाहीत. माहेरी काय किंवा सासरी काय, भूतखेत, नवस, अंगारे यांना आमच्याकडे थारा नव्हता. संध्याकाळी बुद्धवंदना आणि मग अभ्यास, एवढंच. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण निखिल, परवा तुझा मेसेज आला आणि लिहिणं भाग पडलं.

(इतर वाचकांसाठी सांगते. निखिल आणि मुक्ता ही माझ्या मुलीची मुलं. दोघं पर्थला असतात. त्यांनी जुनी फोर-बाय-फोर घेतली आहे, मागे कॅराव्हॅन जोडून ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात महिनाभर हिंडायचा बेत आहे. "आजी, आजोबांची लिस्ट पाठव ना," असं त्यानं इंग्रजीत लिहिलं. मराठी दोघांना समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.)

यादी पाठवते. पण यादीबरोबर हेही वाचायचं.

तुमचे आजोबा बाहरेनमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते. रिटायर झाल्यावर आम्ही तुमच्या रवीमामाच्या व्हिसावर इथेच राहिलो, माहूज भागातल्या याच फ्लॅटमध्ये. रिटायरमेंटच्या आधीपासून त्यांच्या मनात एकच होतं — समुद्रावरून सौदीला जाणारा कॉजवे ओलांडायचा, सौदीच्या वाळवंटातून सरळ खाली ओमानला उतरायचं आणि सलालापर्यंत जायचं. स्वतःच्या गाडीनं, स्वतःचं घर मागे ओढत.

या वेडात त्यांना साथ होती दाऊदभाईंची. दाऊदभाई श्रीवर्धनकडचे, कारखान्यात वेल्डर. दोघांनी मिळून एक जुनी फोर-बाय-फोर आणि कॅम्पिंग सीझननंतर कुणीतरी विकायला काढलेली कॅराव्हॅन घेतली. बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर तीन हिवाळे त्यांचं काम चाललं. डिझेलची जादा टाकी, दुसरी बॅटरी, मागचे स्प्रिंग बदलले, टो-हिच, म्हणजे कॅराव्हॅन अडकवायचा आकडा, तर दाऊदभाईंनी स्वतः पुन्हा वेल्ड केला. कॅराव्हॅनमध्ये जड सामान नेमकं चाकांच्या वरच ठेवायचं, मागच्या टोकाला नाही, नाहीतर वेगात शेपूट हलते — हे मला त्या दोघांनी इतक्या वेळा ऐकवलं की मी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा तसेच लावायला लागले.

यादी माझी. लाल वही, पट्टीनं आखलेल्या ओळी. तपासायची पद्धत मात्र दाऊदभाईंची. मी कॅराव्हॅनमधल्या छोट्या टेबलाशी बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. बाहेर दाऊदभाई ती वस्तू हातानं चाचपून पाहायचे आणि सतरा नंबरच्या पान्यानं तिच्यावर दोनदा वाजवायचे. टक्-टक्. मगच मी खूण करायची. आवाज आला नाही, तर खूण नाही.

"वहिनी, तोंडानं 'बघितलं' म्हणायला काय जातंय," ते म्हणायचे. "तोंड खोटं बोलतं. पाना वाजवायचा तर त्या वस्तूपाशी जावंच लागतं."

सदतीस ओळी मी लिहिल्या होत्या. अडतिसावी त्यांनी सांगितली.

"गाडीचं सगळं लिवलंत. चालवणाऱ्याचं काय?"

"त्याला काय धाड भरली आहे?" तुमचे आजोबा म्हणाले.

"तेच बघायचं ना, साहेब!"

तेव्हापासून यादीची शेवटची ओळ — ड्रायव्हर. ती वाचली की दाऊदभाई पान्याच्या दांड्यानं यांच्या पाठीवर हलकेच ठोकायचे, "माल जुना, पण चालू!" म्हणून ओरडायचे आणि मला ऐकू यावं म्हणून ड्रायव्हरच्या दारावर दोनदा वाजवायचे. दर वेळी तोच विनोद. दर वेळी दोघं हसायचे.

निघायला महिना राहिला होता. दाऊदभाई सुट्टीवर गावी गेले आणि तिकडेच गेले. झोपेतच. त्यांच्या मुलानं फोन केला तेव्हा हे खाली टायरमध्ये हवा भरत होते. कॉम्प्रेसर बंद केला, गाडीवर कव्हर घातलं आणि वर आले. त्यानंतर चौदा महिने ते कव्हर निघालं नाही. हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, तोंड प्लॉटकडे. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. रवी म्हणायचा, "बाबा, सीफला जाऊ, मॉलमध्ये चक्कर मारू." हे म्हणायचे, "मॉलमध्ये काय ठेवलंय?"

शेवटी मीच वही काढली. म्हटलं, "मी वाचते. तुम्ही वाजवा."

आणि माणूस हलला. कव्हर निघालं, बॅटऱ्या बदलल्या, व्हिसाचे कागद झाले. तीन आठवडे घरात पुन्हा ग्रीसचा वास. एकच गोष्ट मला खटकत होती, ती इथे लिहून ठेवते. ते अधूनमधून डावा दंड चोळायचे. मी विचारलं तर म्हणाले, "जॅकचा दांडा मारून मारून भरून आलाय." डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती, ती त्यांनी पुढे ढकलली. आल्यावर बघू म्हणाले. मी जोर धरला नाही. चौदा महिन्यांनी हसणाऱ्या माणसाला दवाखान्यात बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

जानेवारीतला शुक्रवार. सकाळचे आठ वाजून गेले होते, लख्ख ऊन. रविवारी निघायचं होतं म्हणून शेवटची तपासणी. मी कॅराव्हॅनमध्ये बसले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून पडदे ओढले. फोन वर फ्लॅटमध्ये चार्जिंगला. "कर सुरू," बाहेरून हे म्हणाले.

पहिल्या ओळी टेबलापाशीच्या सामानाच्या, त्या मी स्वतःच तपासते. तिसरी ओळ 'पाना, ड्रॉवरमध्ये.' दाऊदभाईंच्या मुलानं तो सतराचा पाना आम्हाला आठवण म्हणून दिला होता. मी ड्रॉवर उघडला, पाना होता, खूण केली. हे मुद्दाम लिहिते आहे. बाहेर यांनी दुसरा कुठलातरी पाना घेतला असेल, असं मी धरून चालले.

मग बाहेरच्या ओळी. "कॅराव्हॅन, डावं चाक, नट." टक्-टक्. माझ्या पायाशी, खालून. "उजवं चाक, नट." टक्-टक्. "टो-हिच." पुढून, जड आवाज. "सेफ्टी चेन." साखळी खुळखुळली, मग टक्-टक्. मला बरं वाटलं. म्हटलं, हात बसला यांचा. "जॅक आणि पट्टा" वाचलं तेव्हा लगेच आवाज आला नाही. काहीतरी सरकवल्यासारखं झालं, पट्टा ओढल्याचा करकर आवाज, आणि मग टक्-टक्. गॅस सिलिंडरचा पोकळ, पाण्याच्या टाकीचा बद्द. एकही चुकला नाही. यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण मला त्याचं नवल वाटलं नाही. कामात असताना ते बोलत नसत.

सदतिसावी झाली. मी वाचलं, "ड्रायव्हर."

काही नाही.

"अहो, ड्रायव्हर!"

काही नाही. बाहेर कबुतरं घुमत होती, तेवढंच. तिसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, ही ओळ दाऊदभाईंची, यांना आठवण आली असेल. कुठेतरी पाठ फिरवून डोळे पुसत असतील. वाट पाहून त्यांना अवघडवू नये म्हणून मी खूण केली आणि वही मिटली. बाहेरच्या ओळीवर आवाज नसताना केलेली ती माझी आयुष्यातली एकमेव खूण.

दार उघडून बाहेर आले. प्लॉटवर कुणी नव्हतं.

चार-पाच मिनिटांनी हे रस्त्याकडून येताना दिसले. हातात कोल्ड स्टोअरची, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची पिशवी, तीत बर्फ आणि खुबूस रोट्या.

"झालं तुझं आतलं?" म्हणाले. "मेसेज केला होता, दहा मिनिटांत येतो म्हणून. तिथं मलबारी भेटला, त्यानं गप्पांत पकडलं. चल, आता बाहेरचं घेऊ."

मला आधी राग आला. "अहो, थट्टा करू नका. सगळी यादी झाली. तुम्हीच वाजवत होता ना?"

"कशानं वाजवणार? पाना तुझ्या ड्रॉवरमध्ये."

मी आत जाऊन ड्रॉवर उघडला. पाना तिथेच होता.

हे गाडीभोवती फिरले. जॅकपाशी थांबले. पट्टा दुहेरी वेढा देऊन टोक आत खोचलेलं होतं. त्यावर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "मी असा बांधत नाही," म्हणाले. "असा कोण बांधायचा, तुला माहीत आहे." मग माझ्याकडे वळले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"सगळ्याला वाजवलं त्यानं?"

मी म्हटलं, "हो. सगळ्याला."

"शेवटच्याला पण?"

"शेवटच्याला पण."

बाळांनो, मी भूत मानत नव्हते. मग न मानलेल्या गोष्टीनं दिलेला इशारा मी त्यांना का सांगावा? — असं मी मला समजावलं. खरं हे की त्यांचा आनंद मोडायचं धैर्य मला झालं नाही. आणि दंड चोळताना मी त्यांना पाहिलेलं होतं. ते कळायला पान्याच्या इशाऱ्याची गरज नव्हती.

रविवारी निघालो. कॉजवेवर ते शीळ घालत होते. सौदीतल्या होफुफच्या पुढे एक रात्र काढली, तिथून पुढे दुसरी. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला, ओमानच्या हद्दीकडे जाणाऱ्या त्या लांबच लांब सरळ रस्त्यावर त्यांनी गाडी नीट कडेला घेतली. इंडिकेटर, हँडब्रेक, इंजिन बंद, सगळं क्रमानं. "पाणी दे जरा," म्हणाले. बाटली मागच्या सीटवर होती. ती घेऊन वळले तोवर...

एक पाकिस्तानी ट्रकवाला थांबला. "अम्मा, आप साये में बैठो," म्हणत त्यानं कॅराव्हॅनच्या सावलीत माझी खुर्ची लावली आणि मदत येईपर्यंत तो माझ्याशेजारी वाळूत बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधी तपासलं असतं तर, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, सांगता येत नाही. रवीनं गाडी परत आणली. इतक्या लांबच्या प्रवासात एक नट ढिला झाला नाही. सदतीस वस्तूंपैकी एकही बिघडली नाही.

नंतर मी पायऱ्या शोधल्या. वॉचमनला विचारलं, तो त्या दिवशी सकाळी मशिदीच्या बाजूला गाड्या धूत होता. रवीनं फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात हे आठ दहाला फाटकातून बाहेर जाताना दिसतात आणि आठ चाळीसला परत येताना. मधे कुणी आत आलेलं नाही. कॅराव्हॅन मात्र त्या कॅमेऱ्यात येत नाही. उन्हानं पत्रा तापला की वाजतो, हेही धरून पाहिलं. दुसऱ्या एका शुक्रवारी तशीच पडदे ओढून तासभर बसले. पत्रा वाजला, हो. पण माझ्या वाचण्याची वाट पाहून नाही. आणि साखळी कशी खुळखुळली, पट्टा कुणी ओढला... पायरी सापडत नाही. दोन वर्षं झाली. हे उदाहरण मी कोरंच सोडलं आहे.

निखिल, मुक्ता, पानांचे फोटो पाठवते आहे. ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांना जे लागेल ते त्यात घाला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं हात लावून वाजवायचं. अडतिसावी ओळ सगळ्यात आधी वाचा, दोघांसाठी वेगवेगळी. आवाज आला नाही तर कॅराव्हॅन सोडवा आणि घरी थांबा. कुणाचं मन मोडलं तरी मोडू द्या.

फोटो काढताना मी काही झाकलं नाही. ज्या ओळींना पाना वाजला त्यांच्या खुणा मी कुणाच्या भरवशावर केल्या, ते मला आजही माहीत नाही. शेवटची खूण मात्र माझी एकटीची आहे. ती चूक आहे, असं समजून वाचा.