पत्र्यामागचा आवाज

डोंगरातल्या माणसांना कुणी अडाणी म्हटलं, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हेही सांगून टाकतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अक्कलकुव्याला शाळामास्तर होतो. गावात शेतकी प्रदर्शन भरलं, आणि शेतकी खात्याच्या साहेबांच्या डोक्यात बोलणारा यंत्रमानव आला. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून तो तंबूत उभा केला, डोळ्यांच्या जागी बॅटरीचे दिवे, छातीत कर्णा. मागे बांबूच्या तट्ट्याची भिंत आणि तिच्याआड मायक्रोफोन धरून मी. माझी मराठी पुस्तकी, म्हणून माझी निवड झाली. साहेबांची ताकीद एकच होती, यंत्राला सगळं माहीत असतं, उत्तर अडता कामा नये.

तट्ट्याच्या फटीतून मला माणसं दिसत. ब्राह्मणपुरीकडच्या गुजर शेतकऱ्यांनी कपाशीवरच्या किडीचं विचारलं आणि लगेच वायर कुठे जाते ते बघायला वाकले. त्यांच्या बायकांनी पुरुषाचा आवाज ऐकताच पदर पुढे ओढला, त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बाजारातल्या दुकानदारांनी तर चक्क शिव्या देऊन पाहिल्या. या सगळ्यांचं साहेबांना कौतुकच होतं.

मग डोंगरातून आलेली एक बाई पुढे झाली. तिने फडक्यातली अर्धी भाकर काढून पत्र्याच्या पायांशी ठेवली, समोर बसली आणि विचारलं, “तुन्हं गाव कोनतं?”

तिच्याकडे रीतच ती. आधी भाकर, मग गाव, मग काम. पण तंबूत हशा पिकला. साहेब रुमालाने डोळे पुसत हसत होते.

“मी यंत्र आहे, मला गाव नाही,” मी म्हणालो.

तिने भाकर आणखी पुढे सारली. मग म्हणाली, “मन्हा माणूस ऊसतोडीले गया. दिवाळीपास्नं खबर नही. कव्हय यी?”

तिच्या पाड्यावरचे दोघे जण दुसऱ्या दिवशी सुरतेकडे, त्याच उसाच्या फडांवर निघणार होते. त्यांच्याबरोबर आपण जावं की घरी थांबावं, एवढंच तिला ठरवायचं होतं.

“होळीला येईल. घरी थांबा,” मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. ती उठली आणि भाकर तिथेच ठेवून गेली. तासाभराने मला भूक लागली तेव्हा ती मीच खाल्ली.

साहेबांनी वर अहवाल पाठवला. आदिवासी इतके अडाणी, की यंत्रालाच माणूस समजतात, असं त्यात होतं. अक्षर चांगलं म्हणून तो अहवाल माझ्याकडूनच लिहून घेतला, आणि मीही निमूटपणे लिहिला. लाज वाटते ती याची.

होळी होऊन महिना उलटला. एका दुपारी मी वर्गात धडा वाचत होतो आणि तीच बाई दाराशी येऊन उभी राहिली. धडा संपेपर्यंत तिने ऐकलं. मग म्हणाली, “तो डबा तूच.”

“कोणता डबा? ते यंत्र होतं,” मी म्हणालो.

“डबा काय बोलस? मझार माणूस व्हता, म्हनीसन तं इचारं. माणूस सांगं, म्हनीसन मी गऊ नही.”

आतल्या माणसाच्या शब्दावर ती घरी थांबली होती. त्या अख्ख्या तंबूत पत्र्याला भुललेली ही एकटीच, असं आम्ही धरून चाललो होतो. ही एकटीच आतल्या माणसाशी बोलत होती. आणि त्या शहाण्या माणसाने तिला बेधडक खोटं सांगितलं होतं.

तिचा नवरा आला नव्हता. सुरतेकडे गेलेले दोघे परतले होते, पण तो दुसऱ्या कुठल्या तरी फडावर गेला, याहून जास्त त्यांना काही कळलं नव्हतं. ती भांडायला आली नव्हती. ज्याने शब्द दिला त्याने सोबत यायचं, हा तिच्या पाड्याचा साधा हिशेब होता.

“आते तू चाल,” ती म्हणाली. “दोन्ही जन धुंडूत.”

मी म्हणालो, “शाळा चालू आहे, मला निघता येणार नाही.”

तिने ते खरं मानलं. ओचा खोचला आणि एकटीच सुरतेच्या रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवसापासून शाळेला उन्हाळ्याची सुटी होती.