तीन नंबरची खिडकी

संवादशास्त्राच्या सरांना आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता. उतारवयात वाटला तो एका खिडकीचा. म्हणजे खिडकीमागे बसणाऱ्या बाईंचा, पण सरांच्या तोंडून 'ती खिडकी' एवढंच निघे, आणि तेही दातओठ खाऊन.

सर काही ऐरेगैरे नव्हते. माणसामाणसांतला संवाद हा विषय ते विद्यापीठात बावीस वर्षं शिकवत होते. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान हलवा, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा, म्हणजे त्याला कळतं की आपण ऐकतोय. घरीही हाच पाठ चाले. मुलगी म्हणाली, "बाबा, भूक लागलीये," की सर मान हलवून म्हणणार, "म्हणजे तुला आत्ता काहीतरी खावंसं वाटतंय." शाळेत असेपर्यंत पोरगी हसायची. सरांच्याच विद्यापीठात शिकायला लागल्यावर एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, माझंच वाक्य मला परत देऊ नका हो. ते आहे माझ्याकडे." तेव्हापासून तिचं घरातलं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'माझा चार्जर कुठंय' यावर आलं. वयच तसं असतं, अशी सरांनी मनाची समजूत घातली.

यंदा त्यांनी नवं संशोधन काढलं. वेगवेगळ्या विभागांतल्या दोनशे मुलामुलींना एकेक छोटी वही दिली. आठवडाभर रोज संध्याकाळी एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: आज मनातलं कोणाशी बोललात? काय बोललात ते लिहायचं नाही. वहीवर नाव नाही, फक्त आकडा. कोणती वही कोणाची हे ओळखायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही, हा नियम सरांनी स्वतः लिहून ठळक अक्षरांत छापून घेतला होता.

वह्या परत आल्या. सर चष्मा पुसून मोजायला बसले. मैत्रीण, आई, भाऊ, पुन्हा मैत्रीण. मग एका वहीत निघालं, 'तीन नंबरच्या खिडकीतल्या मावशी'. पुढच्या वहीत त्याच. परीक्षा विभागात अर्ज घेऊन शिक्का मारणाऱ्या त्या बाई! दुपारपर्यंत एक्केचाळीस वह्यांत मावशी सापडल्या. आणि 'संवादाचे सर'? दोन. त्यातली एक मार्कांवर डोळा ठेवून लिहिलेली, हे सरांनाही कळत होतं. त्यांच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या.

मग हाती आली एकशे अठरा नंबरची वही. हिरवी शाई, प्रत्येक तारखेभोवती चौकोन. तारखेला चौकोनात कोंडायची खोड त्यांच्या घरात एकाच व्यक्तीला होती. सरांनी तिथेच वही मिटायला हवी होती. नाही मिटली. चार दिवस मावशी, दोन दिवस मैत्रीण, एक दिवस 'कोणाशीच नाही'. बाबा एकदाही नाही. पोरीच्या मनात चार दिवस पुरेल एवढं काहीतरी होतं, आणि ते एका परक्या बाईला ठाऊक होतं. नियम मोडल्याची लाज वाटायला हवी होती, पण मत्सरानं तिला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्टॉपवॉच आणि नोंदीचा तक्ता घेऊन त्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. बाई काय जादू करतात ते बघायचंच होतं. बाई अर्ज ओढून घेत, चष्म्याखालून वाचत, शिक्का मारत. वर बघतच नव्हत्या. अर्ध्या तासाच्या नोंदी अशा झाल्या: नजरानजर शून्य, मान हलवणं शून्य, "हं" सहा वेळा, "मग?" चार वेळा, "फोटो नीट चिकटव" एकदा. तरी एक मुलगी घरच्या भांडणाचं सांगता सांगता रडली आणि नाक पुसून, बऱ्या चेहऱ्यानं निघून गेली. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या वर्गात या बाई नापास झाल्या असत्या!

ते उठून थेट खिडकीशी गेले.

"बाई, माझी मुलगी येते तुमच्याकडे."

"येते की." शिक्का.

"काय सांगते?"

"ते तिलाच विचारा, सर."

"मला सांगत नाही ती."

"हं." शिक्का.

बाईंनी पुढचा अर्ज ओढला. "मग?"

त्या एवढ्याशा 'मग'नं सरांचं काय झालं कोण जाणे. मागे पोरं उभी असताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. घर कसं मुकं झालंय, आपण जेवताना विषय कसे शोधतो, पोरीच्या बंद दाराशी दोनदा जाऊन कसे परत आलो. "आणि तुमचा हेवा वाटतो मला, बाई. फार वाटतो."

"हं," बाई म्हणाल्या. "सर, मागे लाइन आहे."

नमुना म्हणून सर स्वतःही एक वही भरत होते. आधीच्या सगळ्या पानांवर नुसती रेघ होती. त्या संध्याकाळी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'तीन नंबरची खिडकी'. वही टेबलावर तशीच राहिली, कारण बायकोनं "नुसते बसलाय तर एवढी गाजरं चिरा" म्हणून सुरी हातात दिली आणि ती आंघोळीला गेली.

मुलगी चार्जर शोधत आली. वही दिसली.

"तुम्ही मावशींकडे गेला होतात?"

"हो."

"काय बोललात?"

"तुझ्याबद्दल."

"त्यांना सांगता, आणि मला नाही?" तिचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंत?"

हा आवाज सरांना अगदी ओळखीचा होता. कालपासून तोच त्यांच्या छातीत बसला होता. 'म्हणजे तुला असं वाटतंय' हे जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी ते गिळलं आणि गाजर चिरत राहिले.

"हं," ते म्हणाले.

मुलगी दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "मी दुसऱ्या शहरात अर्ज केलाय. मावशींनीच शिक्का मारला. प्रवेश मिळाला."

सरांना तिच्याकडे बघावंसं फार वाटलं. बघितलं नाही.

"मग?" आवाज जरा फाटलाच.

मुलीनं खुर्ची ओढली आणि बसली. "मग काय! तुम्हाला सांगायचं कसं तेच कळेना. तुम्ही छान मान हलवली असतीत, आणि मला रडू आलं असतं."

सरांनी मान हलवली नाही. गाजरं संपली होती, तरी त्यांची सुरी रिकाम्या पाटावर चालत राहिली, आणि मुलगी बोलत राहिली.