पितृपंधरवड्यातली सुट्टी

बोईसरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. मला हाताला धरून काम शिकवणारी थोरली सिस्टर, जिला मी ताई म्हणायचे, ती पालघरच्या नव्या हॉस्पिटलात मेट्रन झाली आणि तिनं मलाही बोलावलं. "थिएटरमध्ये एकच जागा आहे, ती तुझी," म्हणाली.

मी एकच विचारलं. "आईचा गुडघा?"

आईनं जन्मभर किनाऱ्यावर उकिडवं बसून बोंबील वाळवले. दोन्ही गुडघे झिजलेले, आणि उजव्याचं ऑपरेशन माझ्या नोकरीच्या विम्यातून व्हायचं होतं.

"इथंही आईवडिलांचा विमा आहे गं. निश्चिंत ये."

राजीनामा दिला. नोटिशीचा महिना गणपतींबरोबरच संपला आणि ताईचा फोन आला. "लगेच येऊ नकोस हं. पितृपंधरवड्यात कोणी नवं काम धरतं का? घटस्थापनेला ये. चांगली साडी नेसून ये."

आमच्याकडे या दिवसांत कोणी नवी बादलीसुद्धा घेत नाही. मला पटलंच. मी झोपा काढल्या, पाय पसरून चहा प्यायले. श्राद्धाच्या दिवशी घास ठेवायचा अवकाश, कावळा झडप घालून गेला. वाटलं, वरची मंडळी माझ्यावर खूश दिसताहेत.

घटस्थापनेला मी जरीच्या साडीत रुजू झाले. कार्यालयातला गृहस्थ माझ्याकडे बघून आधी हळहळला, मग बोलला. "मॅडम, मध्ये खंड पडलाय. जुना विमा तुमच्या शेवटच्या दिवशीच बंद झाला. तिथून सलग आला असतात, तर आईंचं दुखणं पहिल्या दिवसापासून धरलं असतं. आता जुन्या दुखण्याला दोन वर्षं थांबावं लागेल."

"अहो, पंधरवडाच तर गेला."

"एक दिवस गेला तरी तेच."

वर, थिएटरऐवजी मला जनरल वॉर्ड मिळाला. थिएटरमध्ये वाणगावची एक पोरगी होती, माझ्याच जुन्या हॉस्पिटलातली, मेट्रनच्या भावाची लेक. चहाला भेटली तेव्हा मी सहज विचारलं, कधी आलीस?

"तिथलं सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आत्या म्हणाली, मध्ये एक दिवस रिकामा ठेवू नको, विमा तुटतो."

"अगं, पण पितृपंधरवडा?"

"आत्या कुठं मानते?" पोरगी बिस्कीट बुडवत म्हणाली.

मी तडक ताईकडे गेले. ती पडदे मोजून घेत होती, मान वर केली नाही. "मला वाटलं, तू मानतेस," म्हणाली. एवढंच.

घरी येऊन मी आईला म्हटलं, आपले पितरच रुसले. आई सुकटीतला कचरा निवडत होती. "मेलेल्यांवर कशाला ढकलतंस? ह्ये जित्या माणसाचं काम हाय."

भांडणापेक्षा मला नक्कल बरी जमते. सरावली गावात एका सिस्टरच्या बाळाचं बारसं होतं. सगळा स्टाफ आला होता, मेट्रनही, आणि मी आईला मुद्दाम नेलं होतं. जेवणं झाल्यावर मी गोष्ट सुरू केली. नाव कोणाचंच घेतलं नाही. तो फोन, ती साडी, झडप घालणारा कावळा, मान वर न करणारी बाई, सगळं वठवलं. बायका पोट धरून हसत होत्या. सगळ्यांत मोठ्यानं मेट्रन हसत होती. हसली नसती, तर ती बाई कोण हे सगळ्यांना कळलं असतं.

त्या हसण्यातच आई उठायला लागली. एक हात भिंतीला, एक मांडीवर. अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली. हसू एकेक करून थांबलं. मेट्रन जवळच होती, तिनं हात पुढे केला. "मावशी, धरा."

"नाय, ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "आमी बसतो दोन वर्सं."