आखूड पडदा

बाईच्या अंगाला टेप लावण्याआधी आत्या विचारायची, “लावू का माप?” गिऱ्हाईक कितीही जुनं असो, हा प्रश्न चुकायचा नाही. बाया हसायच्या. “टेलरबाई, मापालाच तर आलो, इचारून काय राहिल्या?” आत्या टेप गळ्यात अडकवून तशीच उभी. समोरचीनं “हाव, लावा” म्हटलं की मगच तिचा हात पुढे व्हायचा. मी तिची भाची, शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायचे, आणि मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

कंधारच्या बाजारातलं तिचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कपाट आणि मापासाठी कोपऱ्यात लावलेला पडदा. हा पडदा जमिनीवर लोळायचा. झाडताना अडचण व्हायची, कड सदा मळलेली. मी म्हटलं, जरा आखूड कर की. “पाय बी अंगच हाय,” ती म्हणाली आणि मशीन चालवायला लागली.

पायाबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ऐन तारुण्यात तिचा डावा पाय मळणी यंत्रात गेला होता आणि गुडघ्याखाली नकली पाय बसवला होता. तो काढून ठेवलेला मी कधी पाहिला नाही. तिच्या पोटच्या लेकीनं, सुनीतानंही पाहिला नव्हता. दार लावून काढायचा, दार लावून घालायचा. पायात मोजे, साडी टाचेपर्यंत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना चप्पल चावते आहे.

तोंडानं मात्र फटकळ. एकदा नायगावच्या बसमध्ये चढताना कंडक्टरनं मागून तिला पुढे लोटलं. आत्या पायरीवरच थांबली. “हात काढ. तोंडानं सांग, मी सरकते.” मागची सगळी रांग खोळंबली, पण त्यानं ‘सरका बाई’ म्हणेपर्यंत ही जागची हलली नाही. मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं. आज त्याच प्रसंगाचा मला अभिमान वाटतो.

सुनीता लग्न होऊन दिल्लीला गेली. तिच्या बाळंतपणात अचानक गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन ठरवलं. रेल्वेनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. आत्याला घेऊन मी विमानतळ गाठला. कुठला ते सांगत नाही. बहुतेक सगळीकडे हेच घडलं असतं.

आत्या तपासणीच्या चौकटीतून गेली आणि यंत्र वाजलं. तपासणी करणारी पोरगी तिला पडद्याआड घेऊन गेली. मी नियम वाचून गेले होते: बाईची तपासणी बाईनंच करायची, आडोशाला करायची. दोन्ही पाळलं जात होतं. मला आत सोडलं नाही. आणि तो पडदा कसाबसा गुडघ्यापर्यंत पोचत होता.

आतून आत्याचा आवाज आला, “हात लगाव बाई, पर पहले पूछो.”

“माताजी, पैर निकालना पड़ेगा. मशीन में जाएगा.”

आत्यानं आतूनच मला विचारलं, “हे इमान चुकलं तर दुसरं कवा हाय?”

“उद्या दुपारी,” मी म्हणाले.

पडद्याखाली तिची दोन पावलं दिसत होती. थोड्या वेळानं एकच राहिलं.

तिचा पाय मोज्यासकट ट्रेमध्ये घालून बाहेर आणला आणि लोकांच्या बुटांच्या, लॅपटॉपच्या रांगेत यंत्राकडे सोडला. माणसं बघत होती. काही भल्या माणसांनी माना फिरवल्या, ते जास्तच लागलं. मी ओढणी पसरून पडद्यापुढे उभी राहिले, तर मला बाजूला व्हायला सांगितलं. पाय एकदा यंत्रातून गेला, कुणाला शंका आली म्हणून परत गेला. तोवर आत्या खुर्चीवर. उठता येत नाही, बाहेर येता येत नाही, आणि उरलेला पाय लपवायला जागा नाही. मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

विमानात ती म्हणाली, “ती पोरगी खाली बघूनच हात लावत होती. तिला कुणी शिकवलंच न्हाई इचारायचं.”

ऑपरेशनला आम्ही वेळेवर पोचलो. नात झाली. आत्या तिला न्हाऊमाखू घालून, महिन्यानं, रेल्वेनं परतली. मी तक्रार केली होती. तपासणी नियमानुसार झाल्याचं उत्तर आलं. ते खरंच होतं, म्हणून तर पुढे काही करता येईना.

पुढे तिच्यानं रेल्वेचा लांबचा प्रवासही होईना. सुनीता दर दिवाळीला विमानाचं तिकीट काढायची आणि रद्द करायची. “आई, नातीला बघायला नाही येणार?” आत्या फोनच्या पडद्यावरल्या नातीकडे बघत राहायची. “येते की. पाय काढून न्हाई येत.” तिचा निश्चय तिचाच होता, पण त्यात तीच अडकून पडली होती. बोलणं संपल्यावर ती फोन कितीतरी वेळ हातातच धरून बसायची.

गेल्या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं आणि तिला नांदेडला दवाखान्यात ठेवलं. सुनीता लगेच निघाली. दुपारी आत्या म्हणाली, “सुनीतीला फोन लाव. बोलू दे एकदा.” तिच्याच फोनवरून मी लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

“उचलंना?”

“रस्त्यात असेल गं, आत्ता करील.”

सुनीतानं केलाही, थोड्याच वेळात. तो मी उचलला आणि आत्या गेल्याचं मलाच तिला सांगावं लागलं.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघी बंद दुकानात बसलो होतो. सुनीता म्हणाली, “आईची रिंग मी वेगळी ठेवली होती. विमानतळावर तपासणीत फोन ट्रेमध्ये होता, मशीनच्या आत वाजत होता, मला ऐकू येत होता. मी हात पसरून उभी होते. म्हटलं, मॅडम, माझ्या आईचा फोन आहे. त्या म्हणाल्या, हिलिए मत.” मग आत्याच्या शिलाई मशीनवरची धूळ बोटानं पुसत ती म्हणाली, “मी हलले नाही गं.”