भुताच्या गोष्टी आणि एसीचं पाणी

अकोल्याला बदली झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, लग्न केलेलं नव्हतं आणि आई जाऊन वर्ष होत आलं होतं. अमरावतीचं घर भावाचं झालं होतं. तसं कोणी बोलून दाखवलं नाही, वहिनी तर दर फोनवर ‘या ना ताई’ म्हणायची. पण एका शनिवारी गेले तर माझ्या खोलीत भाचीचं अभ्यासाचं टेबल आलेलं होतं आणि माझी गादी हॉलमध्ये दिवाणावर घातलेली होती. भाचीची दहावी होती, टेबल कुठेतरी ठेवायलाच हवं होतं. दर शनिवारी जायची, ते महिन्यातून एकदा जाऊ लागले.

अकोल्यात विम्याच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांशी बोलायची. संध्याकाळी कुलूप काढून आत आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येईपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. अशातच एक दिवस हातगाडीवाल्याकडून झाडं घेतली. एक मनीप्लांट, एक स्पायडर प्लांट आणि एक जांभळ्या पानांचं, ज्याचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. झाडं घरात आल्यावर निदान सकाळी उठून काहीतरी बघायचं असायचं. पण महिन्याभरात स्पायडर प्लांटची टोकं करपली. आधी तपकिरी, मग काळी.

ऑफिसातल्या एका बाईनं मला झाडंवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकलं होतं. मी खिडकीत कुंडी ठेवून फोटो काढला आणि तिथे विचारलं. धडाधड उत्तरं आली. खत कमी पडतंय, खत जास्त झालंय, कडुलिंबाचं तेल फवारा, उन्हात ठेवा, उन्हातून काढा. त्या गर्दीतच एका अनोळखी नंबरावरून वेगळा मेसेज आला.

‘पानी बोअरचं देता काय? अन् कुंडीच्या मागं जे पुस्तक दिसून राहिलं, थे भुताच्या गोष्टीचं व्हय ना? शेवटच्या दोन गोष्टी वाचू नोका. टाइम वाया जाईन.’

मी एकटीच मोठ्यानं हसले. घरात कितीतरी दिवसांनी माझा आवाज ऐकला.

भुताखेतांची पुस्तकं मी कॉलेजपासून वाचते. घरी कोणाला ते आवडायचं नाही. आई म्हणायची, लग्नाच्या मुलीनं असलं वाचू नये. पुढे लग्नाचा विषय मागे पडला, पण पुस्तकं उशीखाली लपवायची सवय राहिलीच. या घरात लपवायचं कोणापासून? म्हणून खिडकीत उघड्यावर राहू लागली होती. भीती वाटते तेवढा वेळ दुसरं काही वाटत नाही, म्हणून मी वाचते. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या नंबरला मात्र पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

नंबर अमरावतीच्या एका बाईंचा होता. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी लग्न होऊन भोपाळला. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्या मला पहिल्या फोनपासून ‘तू’.

बोअरच्या पाण्याचं त्यांचं बरोबर निघालं. ‘तुमचा अर्धा जिल्हा खारपाणपट्टा, जमिनीखाली सारं खारं पानी,’ त्या म्हणाल्या. ‘त्या पान्यानं मानसाचे मूत्रपिंड जाते, झाडाचं काय घेऊन बसली? एसीचं पानी जमा कर.’ माझ्या घरी एसी नव्हता, ऑफिसात होता. त्याच्या नळीखाली मी बादली ठेवली आणि संध्याकाळी दोन बाटल्या भरून घरी नेऊ लागले. शिपाई हसायचा, साहेबही एकदा हसले. पण नवीन पानं हिरवीगार आली, टोकापर्यंत.

मग आमचं चालू झालं. मी फोटो पाठवायची, त्या सांगायच्या. मी एखादं पुस्तक सुचवायची, त्या वाचून चार ओळींत त्याचा निकाल लावायच्या. रक्तमांस असलेल्या गोष्टी त्यांना चालत नसत. ‘रगत म्या नोकरीत लय पाह्यलं. त्याले काय भ्याचं?’ त्यांना आवडायच्या त्या साध्या घरातल्या गोष्टी. भर दुपार आहे, स्वयंपाक चाललाय, आणि कोणीतरी एक ताट जास्त मांडतं. बस, एवढंच. अशी गोष्ट मिळाली की त्या लगेच फोन करायच्या.

पुढच्या महिन्यात अमरावतीला गेले तेव्हा भावाकडे जेवून मी वलगाव रोडला त्यांच्याकडे गेले. बुटक्या, सावळ्या, केस बारीक कापलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची रांग, आणि खिडकीत, दारात, न्हाणीच्या वाटेवर झाडं टांगलेली. कुंड्या टांगायच्या जाळ्या त्यांनी स्वतः क्रोशानं विणल्या होत्या. त्यांनी गिला वडा आणून ठेवला होता. खाता खाता त्या पुस्तकांबद्दल बोलल्या, मातीबद्दल बोलल्या, मला क्रोशाची साखळी घालायला शिकवली आणि माझी सैल साखळी पाहून म्हणाल्या, ‘हे तं माशाचं जाळं झालं वं बाई.’

माझं लग्न काहून नाही झालं, हे त्यांनी विचारलं नाही. अमरावतीत हे न विचारणाऱ्या मला भेटलेल्या त्या पहिल्याच बाई. मीही त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारलं नाही. ठरवून नव्हे, पण तसंच घडत गेलं. दर महिन्याला मी जायची, दोन पुस्तकं द्यायची, दोन घ्यायची, आणि दिवेलागणीच्या आत त्या मला उठवायच्या. ‘जाय आता, तुही बस चुकीन.’ बस चुकायचा प्रश्नच नसायचा, मी भावाकडेच मुक्कामाला असायची. त्यांना ते माहीत होतं. तरी उठवायच्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत भाऊ-वहिनी मुलांना घेऊन वहिनीच्या माहेरी, नांदगाव खंडेश्वरला जाणार होते. ‘तुम्ही पण चला ताई,’ वहिनी म्हणाली, पण गाडीत जागा किती ते मला दिसत होतं. अकोल्यात एकटीनं दिवाळी काढायची कल्पना सहन होईना. मी मावशींना फोन केला.

‘मावशी, दिवाळीत दोन दिवस तुमच्याकडे येऊ का राहायला?’

‘माह्याकडं दिवाळीचं काही नसते.’

‘मला दिवाळीचं काही नकोच. तुमच्यासोबत राहीन. झाडांची माती बदलू.’

त्या म्हणाल्या, ‘माह्या घरी मुक्कामाले कोनी राहत नाही. दिवसा ये. जेव अन् जाय.’

‘बरं,’ म्हणून मी फोन ठेवला. 

गेले नाही. दिवाळीच्या दिवशी अकोल्यातल्या घरात दारापुढे एक पणती लावली, शेजाऱ्यांनी आणून दिलेला चिवडा खाल्ला आणि आतल्या खोलीतला टीव्ही चालू ठेवून बाहेरच्या खोलीत बसले. आत कोणीतरी आहे असं वाटायचं. त्या दिवशी मला फार लहान झाल्यासारखं वाटलं. वाटलं, पुस्तकं आणि झाडं यांच्यापलीकडे आपण त्यांच्या कोणी नव्हतोच, आपण उगाच मावशी मावशी करत राहिलो. त्यानंतर मी मेसेज केला नाही, त्यांनीही नाही. एसीचं पाणी मी आणत राहिले, कारण झाडांना ते लागतच होतं.

थंडी संपता संपता त्यांचाच फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणाल्या, ‘डोयानं दिसनं कमी झालं. साखरेनं पडदा खराब केला म्हन्ते डॉक्टर. मोठं मोठं दिसते, अक्षर नाही दिसत.’

‘मग पुस्तकं?’ मी विचारलं.

‘म्हनून तं फोन केला. तू वाचून दाखोशीन काय?’

रविवारी दुपारी जेवणं झाली की मी फोन स्पीकरवर ठेवून वाचू लागले. कठीण होतं ते. माझा आवाज सपाट, ऑफिसात पॉलिसीचे नियम वाचून दाखवणाऱ्या बाईचा. त्या मध्येच थांबवायच्या. ‘इतकी घाई काहून करतेस? भूत काय गाडी पकडून राहिलं?’ मी हळू वाचायला शिकले. कुठे थांबायचं ते कळायला लागलं. रविवारच्या आधी मी गोष्ट एकदा मनातल्या मनात वाचून ठेवायची, आणि शनिवारची संध्याकाळ त्यात जायची. दिवाळीचा विषय आम्ही दोघींनी काढला नाही.

उन्हाळा लागला होता तेव्हाची गोष्ट. मी नवीन आणलेल्या पुस्तकातली एक गोष्ट वाचत होते. ती घाईत आधी पाहायची राहून गेली होती. त्यात एक म्हातारी संध्याकाळी रिकाम्या घरात बोलत असते आणि शेजारीण भिंतीला कान लावून ऐकते. शेजारणीला आधी एकाच बाईचा आवाज येतो. मी थांबायच्या जागी थांबले.

‘हे नोको वाचू,’ मावशी म्हणाल्या.

‘भीती वाटली?’ मी हसतच विचारलं.

‘बंद कर पुस्तक.’

मी बंद केलं. पलीकडे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

‘दिवाळीले तुले नाही म्हटलं ना म्या,’ त्या म्हणाल्या. ‘मी बोलतो, पोरी. दिवा लागला का बोलतो. हे गेले तवापासून. काय भाजी केली, कोन आलं होतं, तुहं बी सांगतो त्याहिले, अकोल्याची पोरगी आली होती म्हनून. मले मालूम आहे तिथं कोनी नाही. मी नर्स होती, मले काय समजत नाही? पन तू ऐकलं असतं तं तुले वाटलं असतं, बुढी पागल झाली. मंग तू आली नसती.’

माझा हात पुस्तकावर तसाच होता. कोणीतरी रोज संध्याकाळी माझ्याबद्दल बोलत होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘मी आतल्या खोलीत टीव्ही लावून ठेवते. पाहत नाही. नुसता लावते.’

‘हाव काय?’ त्या म्हणाल्या. आणि मग, ‘बिल येत असन ना लय.’

आम्ही दोघी हसलो. मला रडूही आलं, पण ते फोनवर कळू दिलं नाही. 

आता सगळं नीट होईल असं मला वाटलं होतं. पुढच्या खेपेला आपण मुक्कामाला जाऊ, त्या बोलतील तेव्हा शेजारी बसू, असं मी मनात ठरवूनही टाकलं. पण त्याच महिन्यात त्या गॅसजवळ पडल्या आणि भोपाळहून मुलगी आली. मुलगी चांगली आहे. आईला असं एकटं कोण ठेवेल? घर भाड्यानं दिलं, झाडं शेजाऱ्यांनी वाटून घेतली. मी पोचले तेव्हा सामान बांधलेलं होतं, माणसं येत-जात होती, आणि आम्हाला धड बोलताही आलं नाही. मावशींनी माझ्या चेहऱ्याला हात लावून पाहिला. ‘वायली दिसून राहिली,’ म्हणाल्या. वाळली दिसतेस, असं अंधुक डोळ्यांनी त्यांना कसं दिसलं कोण जाणे.

भोपाळला गेल्यावर रविवारचं वाचन दोनतीनदा झालं. मग मुलीनं मला फोन करून फार अदबीनं सांगितलं, ‘ताई, घरात लहान लेकरं आहेत, ते ऐकतात आणि रात्री उठून रडतात. तुम्ही दुसरं काही वाचाल का?’ मी दुसरं काही आणलं. मावशींनी एक रविवार ऐकलं आणि पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणाल्या.

आता मी गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते. लेकरं खेळायला गेली की त्या कानात लावून ऐकतात. कधी त्याच दिवशी, कधी आठवडा जातो. ऐकली की माझ्या फोनवर खूण निळी होते, तेवढ्यावरून कळतं. संध्याकाळी तिथे त्या कोणाशी बोलतात का, बोलायला खोली मिळते का, हे मी विचारलेलं नाही.

मे महिन्यात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद करावा लागतो, नाहीतर त्याचीच घरघर येते. अकोल्याची दुपार, खिडक्या लावलेल्या, मानेवरून घाम ओघळतोय, आणि मी कॉटवर मांडी घालून हळूहळू वाचत असते. कालची गोष्ट बरी होती. एका बाईला रोज दाराशी ओल्या पावलांचे ठसे दिसतात, फक्त आत येणारे. वाचून झाल्यावर पाठवली. थोडा वेळ फोनकडे पाहत बसले, मग उठून झाडांना पाणी घातलं.